कमाल वजनाच्या अलीकडे

हॉर्नेडी या अमेरिकी कंपनीचं काडतुसं भरण्याचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या एकाच काडतुसाला दोन प्रकरणं दिलेली आहेत. पितळ तेच, गोळीचा व्यास तोच, टोपी बसायची खाचही तेवढीच. पहिलं प्रकरण लांबलचक आहे. हलक्या गोळ्यांपासून २२० ग्रेनच्या जड गोळीपर्यंत ते पसरलंय आणि दारूच्या नावांनी नुसतं गजबजलंय. दुसरं त्या मानाने आटोपशीर. त्याच्या मथळ्यात काडतुसाच्या शेजारी एका रायफलीचं नाव आहे : एम-१ गॅरँड. हे दुसरं प्रकरण नीट, ओळ न ओळ वाचण्याजोगं आहे. त्यात ज्या ओळी नाहीत, त्यांच्यासह.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायफलीचं काडतूस चार वस्तूंचं बनतं : पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडात बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. बार झाला की टोपी, दारू आणि गोळी खर्च होतात, पितळ उरतं. ते पितळ साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायचं, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. याला तिकडे हँडलोडिंग म्हणतात आणि अमेरिकेत हजारो शिकारी घरच्या गॅरेजमध्ये हे काम करतात. पैसे वाचतात हे एक कारण. आपल्या रायफलीच्या स्वभावाला जुळेल अशी भरणी करता येते हे त्याहून मोठं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर पडदा पडला आणि काडतुसांचा कारभार परवान्यांच्या कडेकोट बंदोबस्तात राहिला. तेव्हा मराठी वाचकाच्या हाती ही पुस्तकं आली, तर ती केवळ वाचायलाच येणार. माझ्या मते तीही काही वाईट सोय नाही. उपयोग करायचा नसला की पुस्तक कसं लिहिलंय इकडे लक्ष जातं.

या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकटमध्ये आयडियल नावाचा कारखाना काढला. काडतुसं भरायची अवजारं तो बनवायचा आणि सोबत माहितीपुस्तिकाही छापायचा. १९२५ मध्ये लायमन कंपनीने तो विकत घेतला आणि ती पुस्तिका पुढे लायमनचं भरणीचं पुस्तक म्हणून नावारूपाला आली. १९३७ मध्ये फिलिप शार्प यांचा या विषयावरचा भलामोठा ग्रंथ आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे स्पीअर, सिएरा, हॉर्नेडी, नोस्लर या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि आपापली पुस्तकं काढू लागल्या. गोळी विकायची तर ती कशी भरायची हे सांगणं आलंच. म्हणजे मुळात ही जाहिरात. पण जाहिरातीच्या पोटी इतकं काटेकोर गद्य क्वचितच जन्माला येतं.

या गद्याचा कणा म्हणजे तक्ता. हॉर्नेडीच्या तक्त्यात डावीकडे दारूंची नावं एकाखाली एक असतात आणि वरच्या ओळीत वेग असतो, सेकंदाला इतके फूट. ओळ आणि स्तंभ जिथे भेटतात त्या चौकटीत दारूचं वजन. म्हणजे हा तक्ता वाचकाला आधी विचारतो : तुला किती वेग हवा? लायमनचा तक्ता उलट्या बाजूने येतो. तो दारूचं नाव घेतो, सुरुवातीचं वजन सांगतो, मग त्या वजनाला मिळालेला वेग आणि नळीत निर्माण झालेला दाब, मग कमाल वजन आणि त्याचाही वेग व दाब. इथे प्रश्न असा असतो : काय केलं तर काय होतं? एक इच्छेपासून निघतो, दुसरा परिणामापासून. मला लायमनची मांडणी अधिक प्रामाणिक वाटते, कारण दाबाचा आकडा समोर असला की वेगाचा मोह आपोआप आवरतो. शिवाय लायमनमध्ये एक फार सुंदर खूण आहे. बहुतेक तक्त्यांत एखादी ओळ ठळक अक्षरात छापलेली असते; त्या गोळीसाठी सर्वांत अचूक ठरण्याचा संभव असलेली भरणी ती. ही ठळक ओळ बरेचदा कमाल वजनाच्या रकान्यात नसते. नवशिक्याची नजर तक्त्याच्या उजव्या टोकाला धावते आणि छापणाऱ्याने शाई मात्र अलीकडेच कुठेतरी दाट केलेली असते.

(मी या लेखात दारूचं एकही वजन लिहिणार नाही. लेखातून उचललेल्या आकड्यावर कुणी काडतूस भरू नये आणि ही सगळी पुस्तकंही तेच बजावतात.)

आता गॅरँडचं प्रकरण. क्विबेकमध्ये जन्मलेल्या जॉन गॅरँड यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात घडवलेली ही रायफल अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली. युद्धानंतर सरकारच्या नागरी नेमबाजी योजनेतून ती सामान्य माणसांच्या घरी पोचली आणि नेमबाजीच्या मैदानासोबत हरणांच्या मागावरही गेली. आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप तिच्यात वरून बसते. काही राज्यांच्या शिकारीच्या नियमांत आठ काडतुसं चालत नाहीत, म्हणून पाचांच्या क्लिपाही मिळतात. तिच्या नळीच्या खाली, तोंडाजवळ, एक बारीक छिद्र आहे. गोळी त्या छिद्राला ओलांडून पुढे गेली की मागून येणारा वायू थोडासा त्यातून खाली उतरतो आणि एका लांब दांड्याला मागे ढकलतो. दांडा बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा अडसर, उघडतो, रिकामं पितळ बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, सारतो.

इथेच दोन प्रकरणांचं कोडं सुटतं. जलद जळणारी दारू दाबाचं शिखर लवकर गाठते आणि गोळी तोंडाशी येईपर्यंत दाब बराच उतरलेला असतो. मंद दारूचं शिखर फारसं उंच नसलं तरी उतरण लांबते. छिद्रापाशी पोचलेल्या वायूत अजून पुष्कळ जोर असतो. चेंबरच्या भिंतींना त्याचं काही नाही, त्या समर्थ आहेत. सोसावं लागतं ते दांड्याला. तो जोराने मागे फेकला जातो आणि दिवसेंदिवस असंच होत राहिलं तर वाकतो. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, म्हणून तिचाही परिणाम त्याच दिशेचा. मग पहिल्या प्रकरणात अभिमानाने मिरवणारी ४३५० आणि ४८३१ सारखी मंद दारू दुसऱ्या प्रकरणात दिसत नाही. सर्वांत जड गोळ्यांची पानं गळलेली. मागे राहते ती मध्यम गतीने जळणाऱ्यांची एक छोटी पंगत.

हे गाळणं मला या प्रकरणाचं सर्वांत सरस अंग वाटतं. पहिल्या प्रकरणातला तक्ता काडतुसाच्या ताकदीचा हिशेब मांडतो. दुसऱ्यातल्या तक्त्यात चेंबर किती सोसेल हा प्रश्न जवळजवळ मागेच पडतो. तिथे सांभाळायचा असतो एक लोखंडी दांडा. ज्या भरणीने हाताने बोल्ट ओढायची बोल्ट-ॲक्शन रायफल हूं की चूं करणार नाही, त्याच भरणीने गॅरँड कुरकुरते. आणि हे सगळं पुस्तक एकाही विशेषणाशिवाय सांगतं. नाव लिहायचं किंवा लिहायचं नाही, एवढंच. निवेदनात चारदोन वाक्यांचा खुलासा असतो. पण तो वगळला तरी दोन तक्ते शेजारी ठेवून वाचणाऱ्याला अर्थ लागतो.

या छोट्या पंगतीत मानाचं पान ४८९५ या दारूचं. तिच्यामागे एक कथा आहे आणि ती पुस्तकात एका आकड्यात मिटून बसलेली आहे. युद्धकाळात थर्टी-ऑट-सिक्सच्या लष्करी काडतुसांत ही दारू वापरली जायची. म्हणजे गॅरँड जे खाऊन वाढली तेच हे अन्न. युद्ध संपलं, सरकारकडे डोंगराएवढा साठा उरला. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थांनी त्यातला मोठा हिस्सा स्वस्तात उचलला, रेल्वेच्या एका जुन्या डब्यात साठवला आणि नेमबाजांच्या मासिकात जाहिरात देऊन पौंडाच्या भावाने विकायला काढला. लढाईची उरलीसुरली दारू अशी घरोघरच्या गॅरेजमध्ये पोचली आणि हॉजडन हे आज दारूच्या व्यापारातलं मोठं नाव आहे. तक्त्यात मात्र ‘४८९५’ या आकड्यापुढे वजन आहे, बस्स. लेखकाने इथे एक परिच्छेद खर्च करायला हवा होता असं मला नेहमी वाटतं. अशा जागी हे गद्य कोरडेपणाच्या आहारी जातं.

पुढची मौज तक्त्याबाहेर आहे, पुस्तकाच्या आरंभीच्या सूचनांमध्ये. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये काडतूस चेंबरमध्ये बसवतो तो माणसाचा हात. काडतूस किंचित जाड असेल, पितळाचा खांदा केसभर पुढे असेल, तर हाताला ते कळतं; बोल्ट खाली वळवताना रेटा द्यावा लागतो. बार झाल्यावर बोल्ट उचलायला जड गेला तर दाब वाढला असावा हेही हातालाच आधी समजतं. गॅरँडसारख्या अर्धस्वयंचलित रायफलीने हा हातच काढून घेतला. तिथे स्प्रिंग आहे. स्प्रिंगला शंका येत नाही. जाड काडतुसावर ती बोल्ट तेवढ्याच जोराने आदळते. कधी बोल्ट अर्धवट मिटतो, कधी काडतूस तिथेच अडकून बसतं आणि शिकार समोर उभी असते.

म्हणून सूचनांचा सूर इथे बदलतो. बोल्ट-ॲक्शनवाल्याला पुस्तक मोकळीक देतं : पितळाची फक्त मान दाबलीस तरी चालेल, पितळ जास्त टिकेल. अर्धस्वयंचलितवाल्याला तसं नाही. पूर्ण लांबीचा साचा वापर, खांदा इंचाचे तीन-चार हजारावे भाग मागे सार, आणि तरीही काडतूस सहज बसत नसेल तर बुडाशी अधिक आवळणारा खास साचा घे. आरसीबीएस कंपनीचे हे ‘स्मॉल बेस’ साचे अशाच रायफलींसाठी असतात. गोळी पितळात घट्ट धरलेली हवी, कारण मॅगझीनमधून वर येताना तिचं नाक उतारावर आपटतं आणि ती आत सरकली तर दारूची जागा कमी होऊन दाब चढतो. काडतुसाची एकूण लांबी मॅगझीनच्या लांबीबाहेर जाता कामा नये. बोल्ट-ॲक्शनवाल्या हौशी भरणाऱ्याचा गोळी जरा पुढे, नळीच्या आट्यांजवळ बसवण्याचा लाडका प्रयोग इथे बंद. एकेका सूचनेत हाताचं एकेक काम कागदावर आलेलं दिसतं. जे पूर्वी मनगटाला कळायचं ते आता भरणीच्या टेबलावर, मोजपट्टीने, आधीच कळून घ्यावं लागतं.

टोपीबद्दलची सूचना तर अंगावर काटा आणणारी. गॅरँडचा फायरिंग पिन मोकळा आहे. त्याला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. बोल्ट पुढे आदळला की पिन जडत्वाने पुढे जातो आणि टोपीवर हलकी टिचकी मारतो. न उडवता बाहेर काढलेल्या काडतुसाच्या टोपीवर त्या टिचकीचा बारीक खळगा दिसतो. टोपी वर राहिलेली असली, किंवा फार नाजूक असली, तर चाप न ओढताच बार होऊ शकतो. म्हणून टोपी पितळाच्या बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली बसलेली हवी, बोट फिरवून प्रत्येक तपासायची. सीसीआय कंपनी अशा रायफलींसाठी लष्करी धाटणीची ३४ क्रमांकाची टोपीही बनवते. हे लिहिताना पुस्तकाचा आवाज एरवीसारखाच सपाट राहतो आणि म्हणूनच वाचणारा दचकतो. आरडाओरडा केला असता तर परिणाम उणावला असता.

हात गेला तरी चिन्हं वाचायची सवय राहते, फक्त ती दुसरीकडे शोधावी लागतात. रिकामं पितळ कुठे आणि किती लांब पडलं? त्याचं तोंड चेपलंय का? बुडाची कड ओढून वाकली आहे का? पितळाच्या आत, बुडाच्या जरा वर, कागदाच्या क्लिपची वाकवलेली तार घालून फिरवायची. तार एखाद्या खोबणीत अडखळली तर ते पितळ आतून झिजलंय, पुढच्या बाराला तिथेच तुटेल. अर्धस्वयंचलित रायफल पितळाला दांडगाईने वागवते, ते लवकर म्हातारं होतं. भरणाऱ्याने मोजून ठेवावं आणि वेळेत फेकावं. इथे पुस्तक वाचकाच्या हातात पुन्हा थोडं काम देतं. तारेच्या टोकाने चाचपण्याची ही सूचना मला सगळ्या पुस्तकातली सर्वांत मानवी वाटते.

आणखी एक प्रकरण या संदर्भात वाचावं : पॉइंट टू-एटी रेमिंग्टन या काडतुसाचं. गॅरँडच्या प्रकरणात रायफलीने दारूची यादी कापली; इथे एका रायफलीने अख्ख्या काडतुसाचं नशीब ठरवलं. रेमिंग्टनने १९५५ मध्ये ७४० हे शिकारीचं अर्धस्वयंचलित मॉडेल काढलं. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, त्यासाठी टू-एटी आलं. विंचेस्टरचं टू-सेव्हंटी १९२५ पासून बाजारात होतं आणि त्याची दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६५,००० पौंड. टू-एटीची ६०,०००. पितळ दोन्हीचं जवळपास सारखं, दोघांचाही वंश थर्टी-ऑट-सिक्सचा. फरक पडला तो ७४० च्या यंत्रणेला झेपेल असं काडतूस ठेवायचं म्हणून. बोल्ट-ॲक्शनवाले हळहळले : चांगलं काडतूस एका रायफलीसाठी दबलेलं राहिलं. कंपनीलाही ते पटलं असावं, कारण १९७९ मध्ये तिने त्याला ‘सेव्हन मिलीमीटर एक्सप्रेस’ हे नवं नाव दिलं. पण आधीच ‘सेव्हन मिलीमीटर रेमिंग्टन मॅग्नम’ नावाचं बलाढ्य काडतूस बाजारात होतं; लोकांचा गोंधळ उडू लागला आणि १९८१ मध्ये जुनं नाव परत आलं. भरणीच्या पुस्तकांत या प्रकरणाचं निवेदन कमीअधिक हळहळीनेच लिहिलेलं असतं. त्यातली गंमत अशी की, ज्या ७४० मुळे टू-एटी मागे पडलं म्हणतात, ते मॉडेल थोड्याच वर्षांत बंद झालं आणि १९६० मध्ये त्याची जागा ७४२ ने घेतली. काडतुसावरची छाया मात्र राहिली. हाताने भरणारे बोल्ट-ॲक्शनवाले गेली कित्येक दशकं ती छाया पुसायचा उद्योग करत आहेत, आणि पुस्तक त्यांना दबक्या सुरात बजावतं की तुझी रायफल अर्धस्वयंचलित असेल तर हे तुझ्यासाठी नाही.

दोष सांगायलाच हवेत. प्रत्येक कंपनीचं पुस्तक आपल्याच गोळ्यांचं; दुसऱ्याची गोळी जगात नाहीच अशा थाटात. नोस्लरच्या पुस्तकात प्रत्येक काडतुसाच्या आरंभी वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली प्रस्तावना असते. कल्पना चांगली, पण अनेक प्रस्तावना शिकारकथांच्या फुशारकीत वाहवतात. पर्वत, हरण, एकच बार, कृतज्ञता. चार वाचल्या की पाचवी डोळे मिटून सांगता येते. शिवाय अर्धस्वयंचलित रायफलीने शिकार करावी का, यावर खुद्द शिकाऱ्यांत मोठा वाद आहे. पेनसिल्व्हेनियात ती दीर्घकाळ निषिद्धच होती. २०१७ मध्ये लहान प्राण्यांसाठी मोकळीक मिळाली, हरणासारख्या मोठ्या शिकारीसाठी नाही. जर्मनीत शिकारीच्या अशा रायफलीत एकूण तीनच काडतुसं भरलेली चालतात. भरणीची पुस्तकं याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांचं जग चेंबरपासून नळीच्या तोंडापर्यंतचं. गोळी बाहेर पडली की पुढचं तिचं तिने बघावं.

याहून मोठी विसंगती अशी. बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत बहुधा सरळ लिहिलेलं असतं की हाताने भरलेली काडतुसं वापरू नका, वापरलीत तर जबाबदारी आमची नाही. आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची ही पुस्तकं नेमकं तेच करायला शिकवतात. एकाच रायफलीभोवती दोन मजकूर, एकमेकांना तोंड न दाखवणारे. माहितीपत्रक वाचकावर विश्वासच ठेवत नाही. भरणीचं पुस्तक विश्वास ठेवतं, पण कमाल वजनापासून बराच खाली सुरुवात कर आणि थोडं थोडं वर चढ, या अटीवर. मला दुसऱ्याचं बोलणं आवडतं. ते वाचकाला मूल समजत नाही.

राहता राहिली एक तक्रार, आणि ती या सगळ्या लिखाणाच्या मर्मावरच आहे. गॅरँडला स्वतंत्र प्रकरण मिळालं, तसंच काही पुस्तकांत एआर-१५ ला आणि एम-१४ घराण्यालाही. कारण उघड आहे : त्यांचे मालक मैदानी स्पर्धांत उतरतात, हजारोंनी काडतुसं भरतात, पुस्तकं विकत घेतात. पण जंगलात खरोखर शिकारीला नेण्यासाठीच बनवलेल्या अर्धस्वयंचलित रायफली वेगळ्या आहेत : रेमिंग्टन ७४२, बेल्जियमच्या एफएनने घडवलेली आणि १९६७ मध्ये बाजारात आलेली ब्राउनिंग बार, अलीकडची बेनेली आर-वन. यांची वायूची छिद्रं वेगळ्या जागी, दांडे वेगळे, मॅगझीनं वेगळी. ब्राउनिंग बार तर जबर मॅग्नम काडतुसंही चालवते. बहुतेक पुस्तकांत त्यांना स्वतंत्र तक्ता नाही. आरंभीच्या सूचनांत अर्धस्वयंचलित रायफलींबद्दल जे सर्वसाधारण सांगितलं तेवढ्यावरच या शिकाऱ्याची बोळवण. तो वर्षाला डबाभर काडतुसं भरतो. त्याच्यासाठी प्रयोगशाळेत दाबमापक लावून आठवडे घालवणं कुठल्याच कंपनीला परवडत नसणार. म्हणजे ७४२ च्या मालकाला बोल्ट-ॲक्शनचा लांबलचक तक्ता आणि गॅरँडचा आखूड तक्ता दोन्ही शेजारी ठेवून, दोन्हीत समान असलेली मध्यम दारू निवडून, खालच्या वजनापासून सुरुवात करावी लागते. आणि गॅरँडचं छिद्र तोंडाजवळ आहे, त्याच्या रायफलीचं नळीच्या मध्याकडे, हेही त्याला स्वतःलाच ध्यानात ठेवावं लागतं; तक्ता ते सांगत नाही.

पुढच्या आवृत्तीत ७४२ साठी चार पानं काढली, तर प्रस्तावनांतल्या दोन हरणांची जागा गेली तरी माझी हरकत नाही.